पेशीचा जमाखर्च

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तेव्हा व्यापारी रव्याचा कोपरा बोटाने मोडतो, कण निरखतो, जिभेच्या टोकावर ठेवतो आणि मगच भाव बोलतो. रंग, कण आणि चव या तीन साक्षींवर चाळीस वर्षे अडतीचा धंदा केलेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या घरातून गुळाचा डबाच एके दिवशी हलविण्यात आला. घरी-दारी त्यांना सारे अण्णा म्हणतात. वय अडुसष्ट, मधुमेह नाही, कसले व्यसन नाही, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेण्याचा नेम तरुणपणापासूनचा. अशा माणसाच्या मानेत आणि काखेत गाठी आल्या, तपासणीत लसीका ग्रंथींचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा, निघाला आणि घराची सारी घडी विस्कटली.

उपचार ठरविण्यापूर्वी रोग कोठवर पसरला आहे हे पाहणे आवश्यक होते. त्यासाठी थोरला मुलगा त्यांना मोठ्या शहरातील रुग्णालयात पेट स्कॅनसाठी घेऊन गेला. सहा तास काही खायचे नाही, फक्त पाणी चालेल, असे परिचारिकेने सांगितले तेव्हा अण्णा हसून म्हणाले, "बाई, आमच्याकडे तर हे रोजच रात्री घडते." रक्तातील साखर मोजून झाली, शिरेतून औषध दिले गेले आणि एका मंद उजेडाच्या खोलीत सुमारे तासभर न बोलता, न हलता पडून राहण्यास सांगण्यात आले.

ते औषध काय असते, हे तेथील डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितले. तो ग्लुकोजसारखाच एक रेणू असतो. त्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले असते. शरीरातील पेशी त्याला साखर समजून आत घेतात. आत गेल्यावर पहिला शिक्का बसतो, परंतु रचनेतील छोट्याशा फरकामुळे पुढची पायरी त्याला चढता येत नाही आणि शिक्का बसल्यामुळे बाहेरही पडता येत नाही. ज्या पेशींनी साखर अधिक ओढली, त्यांच्या ठिकाणी तो साचतो आणि यंत्राला दिसतो. या फ्लोरिनची किरणोत्सारिता दर ११० मिनिटांनी निम्मी होते. म्हणून ते सायक्लोट्रॉनमधून तयार होऊन निघाले की घड्याळाशी शर्यत लावत रुग्णालयात पोहोचवावे लागते. अण्णा म्हणाले, "म्हणजे हा माल वखारीत ठेवून भाव वाढण्याची वाट पाहता येत नाही."

चित्र पडद्यावर आले. फिकट शरीरावर मानेत, काखेत आणि छातीच्या मध्यभागी काळे डाग होते. परंतु सर्वांत मोठा, सर्वांत काळा डाग डोक्यात होता. मुलाचा चेहरा पांढरा पडला. "डॉक्टर, मेंदूतही गेला का?" त्याने विचारले. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तो रोग नाही. तो तुमच्या वडिलांचा मेंदू आहे. मेंदू साखरेवरच चालतो, म्हणून प्रत्येकाच्या चित्रात तो असाच काळा दिसतो. खाली मूत्राशय दिसते आहे, तेथे औषध बाहेर पडण्यासाठी जमले आहे. गाठी साखर जास्त ओढतात, म्हणून दिसतात. मेंदूही ओढतो, म्हणून दिसतो."

या उत्तरात दोन वाक्ये होती. घाबरलेल्या मुलाने त्यातील एकच घरी आणले: गाठी साखर जास्त ओढतात. मोबाइलवर नातेवाइकांनी पाठविलेले संदेश त्या वाक्याशी तंतोतंत जुळत होते. साखर हे कर्करोगाचे अन्न आहे, ते तोडा म्हणजे रोग उपाशी मरेल, असे त्यांत निरनिराळ्या शब्दांत लिहिलेले होते. प्रथम चहातील साखर गेली. मग गुळाचा डबा गेला. मग केळे, चिकू, द्राक्षे, मग भात, मग ज्वारीची भाकरी दोनावरून अर्ध्यावर आली. अण्णांनी एका शब्दानेही तक्रार केली नाही. ज्याला आयुष्यभर त्यागाची सवय आहे, त्याला आणखी एक त्याग सांगणे फार सोपे असते.

ही समजूत निराधार नव्हती, आणि म्हणूनच ती धोक्याची होती. तिच्यामागे शंभर वर्षांची एक कथा आहे. ती समजून घेतल्यावाचून पुढे काय घडले, त्याचा अर्थ लागणार नाही.

जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे १८८३ मध्ये ओटो वॉरबर्ग यांचा जन्म झाला. वडील एमिल वॉरबर्ग हे नामवंत पदार्थवैज्ञानिक होते. याच ज्यू घराण्याच्या दुसऱ्या शाखेची हाम्बुर्गमध्ये मोठी पेढी होती. पेढीवरच्या वॉरबर्गांनी पैशांचे हिशेब ठेवले, ओटो यांनी पेशीच्या श्वासाचे. बर्लिनमध्ये एमिल फिशर यांच्या हाताखाली रसायनशास्त्र शिकून आणि नंतर हायडेलबर्गमध्ये वैद्यक शिकत असताना या तरुणाने नेपल्स येथे समुद्रातील साळिंदरासारख्या काटेरी प्राण्याच्या, म्हणजे समुद्री अर्चिनच्या, अंड्यांवर प्रयोग केले. अंडे फलित होताच त्याचा प्राणवायूचा वापर सुमारे सहा पटींनी वाढतो, असे त्यांनी १९०८ मध्ये दाखविले. वाढ म्हणजे अधिक श्वसन, ही गाठ त्यांच्या मनात तेव्हाच पक्की बसली.

पहिल्या महायुद्धात ते घोडदळात लढले. हा बुद्धिमान माणूस आघाडीवर मरण्यापेक्षा प्रयोगशाळेत परतावा, अशी कळकळीची विनंती करणारे पत्र १९१८ मध्ये त्यांना आले. लिहिणारे होते अल्बर्ट आइन्स्टाइन. वॉरबर्ग परतले आणि १९२३ च्या सुमारास त्यांनी उंदरांमधील कर्करोगाच्या गाठी हाती घेतल्या. गाठीच्या अत्यंत पातळ चकत्या कापायच्या, त्या द्रवात ठेवायच्या आणि काचेच्या नळीतील दाब मोजून किती प्राणवायू संपला, किती आम्ल तयार झाले, याचा हिशेब मांडायचा, अशी त्यांची पद्धत होती. अर्चिनच्या अंड्याप्रमाणे वेगाने वाढणारी ही गाठही भरपूर प्राणवायू घेत असेल, अशी त्यांची अपेक्षा होती.

मोजणीत निघाले ते वेगळेच. गाठ प्राणवायू काही अधिक घेत नव्हती. ती साखर मात्र प्रचंड प्रमाणात संपवीत होती आणि त्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करून बाहेर टाकीत होती. धावताना दम लागला आणि स्नायूंना प्राणवायू अपुरा पडला की तेथे हेच आम्ल साचते. परंतु येथे प्राणवायूची टंचाई नव्हती. हवा भरपूर असताना गाठ जणू गुदमरल्यासारखी वागत होती. अमेरिकेत कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने १९२५ मध्ये हीच गोष्ट जिवंत प्राण्यात पाहिली. एका पंखात गाठ आणि दुसरा पंख निरोगी, अशा कोंबडीच्या दोन्ही पंखांतून परतणारे रक्त त्यांनी तपासले. गाठीकडून येणाऱ्या रक्तात साखर कमी आणि लॅक्टिक आम्ल अधिक होते.

व्यापारी कुटुंबास हा प्रकार चटकन कळावा. पेशीकडे ग्लुकोजचा एक रेणू येतो तेव्हा तो खर्ची घालण्याचे दोन मार्ग असतात. पहिल्या मार्गात तो अर्धवट मोडून लॅक्टिक आम्ल करायचे. यात पेशीच्या चलनाचे, म्हणजे एटीपी या ऊर्जावाहक रेणूचे, निव्वळ दोनच नग हाती येतात. दुसऱ्या मार्गात तो मायटोकॉन्ड्रिया या सूक्ष्म घटकांच्या हवाली करून प्राणवायूच्या साहाय्याने शेवटपर्यंत जाळायचा. यात आजच्या मोजणीनुसार सुमारे ३० ते ३२ नग मिळतात. एकाच मालावर एकीकडे दोन आणि दुसरीकडे तीस मिळत असताना, दुसऱ्या बाजारपेठेचा रस्ता खुला असूनही जो दोनालाच विकतो, त्याला कोणताही जाणता अडत्या वेडा ठरवील, किंवा त्याचा रस्ता कोठेतरी तुटला आहे असे समजेल.

वॉरबर्ग यांनी दुसरा निष्कर्ष काढला. पेशीचे श्वसनयंत्र बिघडले आहे, म्हणून तिला नाइलाजाने तोट्याचा धंदा करावा लागतो आणि हा बिघाड हेच कर्करोगाचे मूळ आहे, असे त्यांनी मांडले. १९३१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले; ते श्वसनातील विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, शोधासाठी होते. कर्करोगाविषयीचे त्यांचे मत मात्र मरेपर्यंत बदलले नाही. १९५६ मध्ये सायन्स या नियतकालिकातील लेखात त्यांनी ते पुन्हा ठामपणे लिहिले. सिडनी वाइनहाउस यांनी त्याच वर्षी उत्तर दिले की अनेक गाठींच्या पेशींमधील श्वसनयंत्र शाबूत असते आणि त्या चांगल्या प्रकारे प्राणवायू वापरतात. वॉरबर्ग यांनी ते मानले नाही.

या माणसाचे खासगी जीवनही उद्बोधक आहे. वडिलांकडून ज्यू वंशाचे असूनही नाझी राजवटीत ते बर्लिनमध्येच राहिले. १९४१ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले, पण कर्करोगावरील काम चालू राहावे म्हणून लवकरच परत घेण्यात आले. त्यांना स्वतःला कर्करोगाची फार धास्ती होती. रसायनांनी दूषित झालेले अन्न टाळावे म्हणून ते भाजीपाला आपल्याच बागेत पिकवीत आणि भाकरीच्या धान्याचीही काळजी घेत. भाजी निवडून, पाणी गाळून आणि पीठ चाळून घेणाऱ्या घरांना ही धडपड परकी वाटणार नाही. १९७० मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी ते वारले, ते मांडीचे हाड मोडल्यानंतरच्या गुंतागुंतीमुळे.

तोपर्यंत जगाचे लक्ष दुसरीकडे गेले होते. जनुकांचा काळ सुरू झाला होता. १९७६ मध्ये मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड वार्मस यांच्या चमूने दाखविले की कोंबडीतील कर्करोगाच्या विषाणूत असलेले घातक जनुक मूळचे कोंबडीच्या निरोगी पेशीतलेच असते. वाढीचा हुकूम देणारी आपलीच जनुके बिघडतात आणि कर्करोग होतो, हे सूत्र पुढे आले. साखरेची गोष्ट अडगळीत पडली. योगायोग असा की त्याच वर्षी, १९७६ मध्येच, अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे किरणोत्सारी ग्लुकोजसदृश रेणू प्रथमच माणसाला देण्यात आला. प्रथम मेंदूचा अभ्यास करण्यासाठी तयार झालेले हे साधन पुढे कर्करोगाचा शोध घेण्यासाठी जगभर वापरले जाऊ लागले. वॉरबर्ग यांचे स्पष्टीकरण मागे पडले, परंतु त्यांचे निरीक्षण रोज हजारो रुग्णांच्या चित्रांत दिसत राहिले.

मग ज्याचा श्वसनमार्ग शाबूत आहे, ती पेशी तोट्याचा धंदा का करते? या प्रश्नाला मिळालेले आजचे उत्तर धंदा करणाऱ्याला विशेष पटण्याजोगे आहे. ज्या दुकानदाराला आजच्या दिवसाची रोकड वाढवायची आहे, तो सगळा माल विकून पैसे करील. परंतु ज्याला वर्षभरात दुसरे दुकान उभे करायचे आहे, तो विटा, लाकूड आणि लोखंड जळणात घालणार नाही. एका पेशीच्या दोन पेशी व्हायच्या तर नवे आवरण हवे, नवी प्रथिने हवीत, नवे डीएनए हवे. आणि हे सारे बांधण्यासाठी कार्बन लागतो. साखर पूर्ण जाळली तर तो कार्बन वायू होऊन उडून जातो. अर्धवट मोडली तर तिचे तुकडे मध्येच काढून घेऊन बांधकामाला लावता येतात. मॅथ्यू व्हॅन्डर हायडेन, लुईस कँटली आणि क्रेग थॉम्पसन यांनी २००९ मध्ये ही मांडणी नेमकेपणाने केली. म्हणजे जे तोट्याचे खाते वाटत होते, ते प्रत्यक्षात विस्ताराचे खाते होते. वाढीचा हुकूम देणारी बिघडलेली जनुकेच पेशीला अधिक साखर ओढण्यास लावतात, हेही आता दिसून आले आहे.

यावरून वॉरबर्ग सपशेल चुकले असे मानावे, तर तेही पुरते खरे नाही. २००० मध्ये असे आढळले की एका प्रकारच्या गाठी ज्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या होतात, त्यांच्यात मायटोकॉन्ड्रियातील एका विकराचे जनुकच सदोष असते. पुढे २००८ आणि २००९ मध्ये मेंदूच्या काही गाठींत आणि रक्ताच्या काही कर्करोगांत ऊर्जाचक्राशी निगडित असा दुसरा विकर बिघडलेला मिळाला. तो बिघडल्यावर एक विचित्र आम्ल तयार करतो आणि ते आम्ल पेशीला प्रौढ होऊ देत नाही. त्या बिघाडावर नेमका घाव घालणारी औषधे २०१७ आणि २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. म्हणजे क्वचित का होईना, चयापचयातील दोष हे कर्करोगाचे कारण ठरू शकते. वॉरबर्ग यांनी जे पाहिले ते खरे होते. जेवढे पाहिले तेवढेच सारे सत्य आहे, हा हट्ट तेवढा चुकीचा होता.

नेमका हाच हट्ट नकळत अण्णांच्या घरात शिरला होता.

केमोथेरपी दर तीन आठवड्यांनी होती. पहिली झाली, दुसरी झाली. तिसऱ्या वेळी वजनकाट्यावर अण्णा उभे राहिले तेव्हा सहासष्ट किलोंचे अठ्ठावन्न झालेले होते. हातांची कातडी सैल पडली होती. खुर्चीतून उठताना मांड्या थरथरत होत्या. डॉक्टरांनी औषध आठवडाभर पुढे ढकलले आणि त्यांना आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठविले. बाईंनी दिवसभरात काय खाता हे विचारले आणि मुलाने मोठ्या अभिमानाने वर्ज्य पदार्थांची यादी सांगितली.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारले, "तुमचा व्यवसाय काय?" गुळाची अडत, असे उत्तर आले. "मग मला सांगा, दुकानाची विक्री बंद पडली आणि देणी चालूच राहिली, तर देणी कशातून भागतात?" मुलगा म्हणाला, "भांडवलातून." बाई म्हणाल्या, "मेंदूची आणि रक्तपेशींची देणी एक दिवसही थांबत नाहीत. म्हणून शरीर रक्तातील साखर पडू देत नाही. तुम्ही ताटातील साखर बंद केलीत, तर यकृत ती घरातूनच तयार करते, आणि कच्चा माल म्हणून स्नायूंची प्रथिने वापरते. गाठीला तिचा वाटा रक्तातून मिळतोच. शिवाय तिला साखर कमी पडली तर ती प्रथिनांचे घटक आणि चरबीही वापरू शकते. आठ किलो गेले, त्यातले काही रोगाने नेले, काही औषधाने. उरलेले मात्र घरच्यांनी नेले. गाठ उपाशी राहिली नाही, अण्णा राहिले."

मुलाने मान खाली घातली. ज्या हातांनी वडिलांच्या ताटातील भाकरी अर्धी केली होती, ते हात त्याला कोठे ठेवावेत हे कळेना. अण्णांनीच त्याची सुटका केली. "त्याचा दोष नाही, बाई. मला वाचवायचे म्हणून त्याने केले. मीही विचारले नाही."

बाईंनी छापील तक्ता पुढे ओढला. त्यातील अंडे आणि बटाटा यांवर त्यांनी न विचारता रेघ मारली आणि कडेला मुगाचे घट्ट वरण, पनीर, ताजे ताक, दूध, राजगिरा, तूप-भात आणि शेंगदाण्याचा लाडू असे लिहिले. रात्रीचे जेवण या रकान्यात त्यांनी सूर्यास्तापूर्वी असे घातले आणि त्याची भरपाई म्हणून दुपारी दोन वेळा थोडे थोडे खाणे वाढविले. "लाडू गुळाचा चालेल का?" अण्णांनी विचारले. "मधुमेह असता तर वेगळा हिशेब केला असता. तुम्हाला चालेल," त्या म्हणाल्या. पुढे मुलाकडे वळून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मिठाई आणि सरबते यांचा अतिरेक निर्धोक आहे असा याचा अर्थ नव्हे. निरोगी वयात वाढलेले वजन अनेक कर्करोगांची शक्यता वाढविते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये असे तेरा प्रकार नोंदविले आहेत. गादीवर बसून धंदा करणाऱ्या घरांनी तो विचार आजार येण्यापूर्वी करावा; रुग्णाचे वजन घटू लागल्यावर नव्हे.

तरी एक प्रश्न उरला होता. भाद्रपद जवळ आला होता. दशलक्षण पर्वात अनंत चतुर्दशीचा उपवास अण्णांनी तीस वर्षांत चुकविला नव्हता. आता मुलाच्या मनात नवीन आशा उगवली: उपवासाने रोगाला काही मार बसतो का? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की उपवास आणि केमोथेरपी यांवर जगात अभ्यास चालू आहेत, परंतु उपचाराची जागा घेईल असे काही सिद्ध झालेले नाही. आणि आठ किलो गमावलेल्या माणसाने सध्या तो विचारही करू नये. अण्णा गप्प राहिले. उपचाराच्या अडचणीपेक्षा नेम मोडण्याचे दुःख त्यांना मोठे होते.

त्या रात्री देवघरातून आलेल्या माई त्यांच्याजवळ बसल्या. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी पतीला उपदेश केल्याचे कोणाला आठवत नव्हते. "अहो, तप शक्तीप्रमाणे करावे, असे आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात," त्या म्हणाल्या. "यंदा तेवढी शक्ती नाही, हे मान्य करणे हाही त्यागच. आणि तुम्ही उपवास कशासाठी करत होता? आत्म्यासाठी ना? मग मुलगा म्हणतो तसा गाठ मारण्यासाठी केलात, तर तो उपवास राहील का? तपाला औषध केले की तपही जाते आणि औषधही होत नाही."

अनंत चतुर्दशीला अण्णांनी मंदिरात बसून जाप केला. दुपारी वेळेवर मुगाचे वरण आणि भात घेतला. गुळाचा डबा फडताळात आपल्या जागी परत आला होता. तो तेथे कोणी ठेवला, हे कोणी विचारले नाही. मुलाने मोबाइलवरील त्या संदेशांना उत्तरे लिहिण्याचे ठरविले होते, पण चार ओळी लिहून त्याने त्या पुसल्या. त्याऐवजी ज्यांच्या घरात असाच आजार होता, अशा दोन ओळखीच्या व्यापाऱ्यांना त्याने फोन केला आणि एवढेच विचारले: "रुग्णाचे वजन काय आहे? दर आठवड्याला मोजता का?"

सहा फेऱ्या संपल्यावर पुन्हा पेट स्कॅन झाला. पुन्हा सहा तास, पुन्हा ती मंद उजेडाची खोली. पडद्यावर चित्र आले तेव्हा मानेतील, काखेतील आणि छातीतील डाग दिसत नव्हते. डॉक्टर म्हणाले, सध्या चांगले आहे, पण तपासणीला येत राहावे लागेल. पुढच्या वर्षांविषयी आज कोणी वचन देऊ शकत नाही. अण्णांनी ते शांतपणे ऐकून घेतले. अडतीच्या धंद्यात पुढच्या हंगामाचे वचन कोणी देत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

चित्रात डोक्याचा डाग मात्र पहिल्यासारखाच काळाभोर होता. मुलाने या वेळी तो पाहिला आणि घाबरला नाही. "हा अजून साखर खातोच आहे की," अण्णा त्याकडे बोट दाखवून म्हणाले.

"खाऊ दे, अण्णा," मुलगा म्हणाला. "त्याच्यावरच तर दुकान चालले आहे."